टिंब-रेघेच्या जमान्यातला कायदा आणि जालन्यातली इंटरनेटबंदी: मोर्स कोडचा तुमच्या मोबाइलशी काय संबंध?

२६ फेब्रुवारी २०२४. मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे जालना जिल्हा पुन्हा तापला होता. तीर्थपुरीत एसटी बस जाळण्यात आली, अंबड तालुक्यात संचारबंदी लागू झाली आणि जालन्यासह छत्रपती संभाजीनगर व बीड जिल्ह्यांत काही तासांसाठी इंटरनेट सेवा बंद करण्यात आली.

इंटरनेट बंद झालं की काय होतं, हे वेगळं सांगायला नको. व्हॉट्सॲपच्या मेसेजखाली घड्याळाची खूण तशीच राहते. दुकानात क्यूआर कोड असतो, पण पैसे जात नाहीत. बातमी खरी की अफवा, हे तपासायलाही मार्ग राहत नाही.

पण एक प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. अख्ख्या जिल्ह्याचं इंटरनेट बंद करण्याचा अधिकार सरकारला तेव्हा कोणत्या कायद्यानं दिला होता?

त्या कायद्याचं नाव होतं भारतीय तार अधिनियम. साल १८८५. तेव्हा मोबाइल सोडाच, रेडिओसुद्धा नव्हता. निरोप जायचा तो तारेतून, 'कट्ट कडकट्ट' करत, टिंब आणि रेघांच्या भाषेत. म्हणजेच मोर्स कोडमध्ये.

आज मोर्स कोड म्हटलं की रील्समधली गंमत, ब्रेसलेटवरचं नाव किंवा सिनेमातला गुप्त संदेश आठवतो. एखाद्या ॲपमध्ये आपलं नाव टाकलं की क्षणात टिंब-रेघा मिळतात. पण या टिंब-रेघांसाठी लिहिलेले नियम दीडशे वर्षांनी आपल्या मोबाइलपर्यंत कसे पोहोचले, हे समजून घ्यायचं तर आधी मोर्स कोड समजून घ्यायला हवा.

मोर्समध्ये 'जालना' कसं लिहाल?

मोर्स कोडमध्ये दोनच खुणा असतात. छोटी खूण म्हणजे टिंब, मोठी खूण म्हणजे रेघ. इंग्रजीत डॉट आणि डॅश. प्रत्येक इंग्रजी अक्षराला या खुणांची एक ठरलेली जोडणी आहे.

जालना हे नाव इंग्रजी अक्षरांत जे, ए, एल, एन, ए असं लिहितात. त्याचं मोर्स असं होतं:

जे: · – – –
ए: · –
एल: · – · ·
एन: – ·
ए: · –

यात खुणांइतकीच महत्त्वाची असते ती मधली शांतता. टिंबाला जेवढा वेळ लागतो त्याला एक मात्रा म्हणू. रेघ तीन मात्रांची. एकाच अक्षरातल्या दोन खुणांमध्ये एक मात्रा थांबायचं, दोन अक्षरांमध्ये तीन मात्रा आणि दोन शब्दांमध्ये सात मात्रा. थांबायला चुकलं की अक्षर बदलतं. टिंब आणि रेघ लगेच एकामागे एक आली तर ते 'ए'. मध्ये जास्त थांबलात तर तीच दोन अक्षरं होतात, 'ई' आणि 'टी'.

या हिशेबानं 'जालना' हा शब्द ४९ मात्रांचा होतो. मिनिटाला आठ शब्द या वेगानं पाठवला तर साडेसात सेकंदांच्या आत संपतो. या वेगासाठी शब्द म्हणजे किती, हेही ठरलेलं आहे. 'पॅरिस' हा पाच अक्षरी इंग्रजी शब्द, पुढच्या शब्दाआधीची शांतता धरून बरोबर ५० मात्रांचा होतो. तोच मोजमापाचा शब्द.

सगळी अक्षरं सारख्या लांबीची का नाहीत? कारण वेळ वाचवायचा होता. इंग्रजीत सगळ्यात जास्त लागणारं अक्षर 'ई'. त्याला फक्त एक टिंब. 'टी'ला फक्त एक रेघ. क्वचित लागणाऱ्या 'क्यू'ला मात्र चार खुणा.

अमेरिकेत सॅम्युअल मोर्स यांनी २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तारेनं संदेश पाठवून दाखवला. आल्फ्रेड व्हेल हे त्यांचे सहकारी. आज जगभर वापरली जाते ती आवृत्ती मात्र जर्मनीतल्या फ्रीडरिश गेर्के यांनी १८४८ मध्ये केलेल्या सुधारणांवर उभी आहे. हा कोड अजून गोठलेला नाही. ईमेलमधल्या '@' या चिन्हालाही २००४ मध्ये मोर्समध्ये जागा मिळाली: · – – · – ·

मराठीचं काय?

इथे खरी अडचण सुरू होते. मूळ कोड इंग्रजी अक्षरांसाठी आहे. मराठी मजकूर पाठवायचा तर आधी तो इंग्रजी अक्षरांत उतरवायचा आणि मग टिंब-रेघांत. म्हणजे भाषांतर एकदा नाही, दोनदा.

आणि पहिल्याच पायरीवर अर्थ सांडतो. एम, ए, एल, ए ही चार अक्षरं घ्या. त्यांचं मोर्स – – / · – / · – · · / · – असं अगदी बिनचूक पाठवता येईल. पण वाचणाऱ्यानं ते मला वाचायचं, माला वाचायचं, माळा की मळा? के, ए, एल म्हणजे काल, कळ की काळ? आजही व्हॉट्सॲपवर मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिणाऱ्यांना हा घोळ नवा नाही. फरक एवढाच की मेसेज परत विचारून घेता येतो. तारेला शब्दागणिक पैसे पडायचे.

म्हणून तारेची स्वतःची तुटक भाषा तयार झाली. बाप आजारी, लगेच निघा. एवढंच. दिवाळी, लग्न अशा ठरावीक शुभेच्छांच्या मजकुरांना तर क्रमांकच दिलेले होते. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये देवनागरीतून तार पाठवण्याची सोय सुरू झाली. त्यासाठी देवनागरी अक्षरांना वेगळ्या टिंब-रेघा ठरवल्या गेल्या. तरी घराघरात 'तार आली' या दोन शब्दांची धडकी कायम राहिली, कारण घाईची बातमी बहुतेक वेळा वाईटच असायची.

बीएसएनएलनं देशातली तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद केली. १४ जुलै हा तार स्वीकारण्याचा शेवटचा दिवस. तोवर मोर्सची जागा टेलिप्रिंटर आणि कॉम्प्युटरनं कधीच घेतली होती.

सेवा गेली. कायदा राहिला.

मोर्स ही गुप्त भाषा आहे का?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज. मोर्सचा तक्ता जगजाहीर आहे. ज्याला तो येतो, त्याला तुमचा संदेश वाचता येतो. टिंब-रेघा म्हणजे अक्षरांची लिपी बदलणं. कुलूप लावणं वेगळं.

तार कशी जायची ते पाहा. पाठवणारा फॉर्मवर मजकूर लिहून खिडकीत द्यायचा. तिथला माणूस तो वाचायचा, शब्द मोजायचा. तारबाबू तो टिंब-रेघांत पाठवायचा. दुसऱ्या टोकाचा तारबाबू कानानं ऐकून पुन्हा अक्षरांत उतरवायचा. मग शिपाई घरी आणून द्यायचा. घरी कुणाला वाचता येत नसेल तर तोच वाचूनही दाखवायचा. दोन माणसांमधला निरोप किमान चार परक्या हातांतून जायचा.

त्यामुळे १८८५ च्या कायद्यात दोन्ही बाजूंची तरतूद होती. तार खात्यातल्या कर्मचाऱ्यानं मजकूर फोडला, बदलला किंवा बेकायदा अडवला तर कलम २६ नुसार त्याला शिक्षा. दुसरीकडे, सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा सार्वजनिक सुरक्षेसाठी गरज असेल तर कलम ५(२) नुसार सरकारला संदेश अडवण्याचा, रोखून धरण्याचा, वाचण्याचा अधिकार.

इंग्रजांना हा अधिकार का हवा होता, हे समजायला १८५७ आठवावं लागेल. ११ मे १८५७ रोजी दिल्लीच्या तार कार्यालयातून उठावाची खबर अंबाल्याकडे गेली आणि तिथून पुढे पंजाबात इंग्रज अधिकारी सावध झाले. ज्याच्या हातात तार, त्याच्या हातात वेळ, हा धडा राज्यकर्ते विसरले नाहीत.

गंमत म्हणजे १८८५ मध्ये जालना ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हतं, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला. जालना स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. इंटरनेटबंदीचा आधार असलेला कायदा जिल्ह्यापेक्षा तब्बल ९६ वर्षांनी मोठा.

तारेचा कायदा इंटरनेटला कसा लागू झाला?

यातली मेख व्याख्येत आहे. कायद्यातल्या 'तार' या शब्दाची व्याख्या दुरुस्त्यांमधून रुंदावत गेली. खुणा, लिखाण, चित्र, आवाज किंवा कोणतीही माहिती तारेनं, विजेनं किंवा रेडिओ लहरींनी पाठवणारं अथवा घेणारं साधन म्हणजे तार. या व्याख्येत टेलिफोन बसला, मोबाइल बसला आणि इंटरनेटही बसलं.

मग न्यायालयात प्रश्न येऊ लागले. १९९६ मध्ये पीयूसीएल विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फोन टॅपिंगबाबत याच कलम ५(२) कडे पाहिलं आणि खासगीपणा जपण्यासाठी काही बंधनं घालून दिली.

इंटरनेटबंदीसाठी मात्र बराच काळ फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४४ वापरलं जायचं, म्हणजे जमावबंदीचं कलम. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं तार कायद्याखाली दूरसंचार सेवा तात्पुरती बंद करण्याचे स्वतंत्र नियम आणले. त्यानुसार राज्यात असा आदेश गृह विभागाच्या सचिवांनी द्यायचा. अगदीच अटळ परिस्थितीत सहसचिव दर्जाचा अधिकृत अधिकारी देऊ शकतो, पण त्याला २४ तासांत वरून मंजुरी लागते.

जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तीन गोष्टी स्पष्ट केल्या. इंटरनेट अनिश्चित काळासाठी बंद ठेवता येणार नाही. बंदी गरजेच्या प्रमाणातच हवी. आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध करावे लागतील, म्हणजे लोकांना त्यांना न्यायालयात आव्हान देता येईल. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एका आदेशाची कमाल मुदत १५ दिवस ठरली.

एक तार अडवणं आणि जिल्हा बंद करणं, सारखंच?

इथे मोर्सच्या काळातला आणि आजचा मोठा फरक आहे.

१८८५ च्या कलम ५(२) ची भाषा पाहिली तर ती संदेशाबद्दल बोलते. अमुक व्यक्तीकडून येणारा किंवा तिला जाणारा संदेश. अमुक प्रकारच्या व्यक्तींचे संदेश. अमुक विषयाचे संदेश. हे शक्य होतं, कारण प्रत्येक तार कुणीतरी माणूस वाचत होता. संशयाची एक तार बाजूला ठेवायची, बाकीच्या जाऊ द्यायच्या.

आज व्हॉट्सॲपसारख्या ॲपवरचा मेसेज खरोखरच कुलूपबंद असतो. मधल्या कंपनीला तो वाचता येत नाही. त्यामुळे अफवा पसरवणारा एक मेसेज वेगळा काढून थांबवणं जमत नाही. मग हाताशी उरतं ते मुख्य बटण. ते बंद केलं की अफवा थांबते, सोबत बाजारातलं पेमेंट थांबतं, विद्यार्थ्याचा ऑनलाइन अर्ज थांबतो, मोबाइल डेटावर चालणारं छोट्या दुकानदाराचं मशीन थांबतं आणि अफवेचं खंडन करणारी बातमीही थांबते.

प्रशासनाची बाजूही समजून घ्यायला हवी. जमाव रस्त्यावर असताना एक खोटा व्हिडिओ काही मिनिटांत तालुकाभर फिरतो. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंतरवाली सराटीत आंदोलकांवर लाठीमार झाला, तेव्हा त्याचे पडसाद महाराष्ट्रभर उमटायला वेळ लागला नव्हता. अशा वेळी जीव वाचवणं आधी, गैरसोय नंतर, असं प्रशासन म्हणतं.

पण बंदीनं हिंसा खरंच कमी होते का? माहिती तंत्रज्ञानाच्या संसदीय स्थायी समितीनं डिसेंबर २०२१ च्या अहवालात याच मुद्द्यावर बोट ठेवलं होतं. देशात किती वेळा इंटरनेट बंद झालं याची नोंदसुद्धा केंद्रातली संबंधित खाती ठेवत नाहीत, असं समितीनं नमूद केलं आणि अशा बंदीच्या परिणामांचा अभ्यास करण्याची शिफारस केली. सरकारी नोंदीअभावी आकडे मिळतात ते बाहेरच्या संस्थांकडून. ॲक्सेस नाऊ या संस्थेच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये भारतात ८४ वेळा इंटरनेट बंद झालं.

आता कायदा बदलला, मग काय बदललं?

डिसेंबर २०२३ मध्ये दूरसंचार अधिनियम, २०२३ मंजूर झाला. त्यातली बरीच कलमं २६ जून २०२४ पासून लागू झाली. म्हणजे फेब्रुवारीतली जालन्यातली बंदी जुन्या तार कायद्याच्या अगदी शेवटच्या महिन्यांमधली.

नव्या कायद्याच्या कलम २० मध्ये संदेश अडवण्याचा अधिकार आहेच. शिवाय दूरसंचार सेवाच बंद करण्याचा अधिकार आता थेट कायद्यात लिहिलेला आहे. आधी तो जुन्या कलमाखालच्या नियमांतून यायचा. 'सार्वजनिक आणीबाणी' आणि 'सार्वजनिक सुरक्षा' हे १८८५ चे शब्द मात्र तसेच पुढे आले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सेवाबंदीचे नवे नियम आले. आदेश प्रसिद्ध करायचा, त्यात कारण द्यायचं, नेमका भाग आणि कालावधी सांगायचा, कमाल मुदत १५ दिवस, या गोष्टी त्यात लेखी आल्या. आदेशाचा आढावा मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची समिती पाच दिवसांत घेते. पण बंदीच काही तासांची असेल, तर आढावा होईपर्यंत इंटरनेट कधीच सुरू झालेलं असतं. आणि समितीत सगळे सरकारी अधिकारीच असतात.

इंटरनेट बंद असताना मोर्स कामी येईल का?

सोशल मीडियावर अधूनमधून हा सल्ला फिरतो. त्याचं सरळ उत्तर: तुमच्या-आमच्यासाठी नाही.

रेडिओवरून मोर्स पाठवायचं तर हॅम रेडिओचा परवाना लागतो. त्यासाठी केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. दोन प्रकारचे परवाने आहेत. रिस्ट्रिक्टेड प्रकाराला मोर्सची परीक्षा नाही. जनरल प्रकारासाठी मिनिटाला आठ शब्दांच्या वेगानं मोर्स पाठवता आणि ओळखता यावं लागतं. आंतरराष्ट्रीय पातळीवर मोर्सची सक्ती २००३ मध्येच उठली, भारतानं जनरल परवान्यासाठी ती ठेवली. आणि हॅम रेडिओवर अर्थ लपवणारी गुप्त भाषा वापरायला मनाई आहे.

याचा अर्थ ही कला निरुपयोगी आहे असं नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपात हॅम रेडिओवाल्यांनी निरोप पोहोचवण्याचं काम केलं होतं. जिथे आवाज खरखरीत हरवतो, तिथे मोर्सचा बारीक सूर ऐकू येतो, म्हणून संकटात तो अजूनही भरवशाचा. हातांची हालचाल मर्यादित असलेल्यांना दोनच बटणांनी टाइप करता यावं म्हणून गूगलनं २०१८ मध्ये जीबोर्ड या कीबोर्डमध्ये मोर्स आणलं.

पण सरकारनं बंद केलेल्या इंटरनेटला तो पर्याय नाही. फक्त मोबाइल डेटा बंद असेल तर साधा कॉल आणि एसएमएस हेच जवळचे मार्ग.

मग पुढच्या वेळी काय पाहायचं?

तुमच्या तालुक्यात इंटरनेट बंद झालं, तर पुन्हा सुरू झाल्यावर चार गोष्टी तपासा. लेखी आदेश प्रसिद्ध झाला का? तो गृह विभागाच्या अधिकृत अधिकाऱ्यानं काढलाय का? त्यात नेमकं कारण, भाग आणि वेळ दिलीय का? आणि बंदी सांगितलेल्या वेळेला उठली का?

तारेच्या काळात अडवलेल्या संदेशाची निदान कागदावर नोंद व्हायची, कारण फॉर्मवर तो लिहिलेला असायचा. आज अख्ख्या जिल्ह्याचे न गेलेले मेसेज कुठेच नोंदवले जात नाहीत. नोंद राहते ती फक्त त्या आदेशाची. तो मागणं हा आपला हक्क आहे.